टणटणेसाहेब

कारखान्यात वस्तू ठोकून बघण्याचा परवाना एकाच माणसाकडे असतो. बाकीचे वस्तू कापतात, जोडतात, रंगवतात, उचलतात, किंवा हातात चहाचा कप घेऊन नुसतेच त्यांच्याकडे बघत उभे राहतात. पण चांगल्या झालेल्या मालाजवळ जाऊन, "बघू बरं जरा," म्हणत त्याच्यावर हातोडा घालायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा, हे भाग्य फक्त क्वालिटी कंट्रोलवाल्याचं. आमच्याकडे ते टणटणेसाहेबांच्या वाट्याला आलं आहे. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकात आहे आणि तिथेच राहिलं आहे. गेटवरच्या नव्या वॉचमनने एकदा ऐकीव माहितीवर रजिस्टरात ‘श्री. टणटणे, क्यूसी’ अशी नोंद केली. साहेबांनी चष्मा वर सरकवून ती वाचली, वेळ बरोबर लिहिली आहे ना एवढं तपासलं आणि समोर सही केली. साहेबांची सही झाली की वस्तू मंजूर, हा आमच्याकडचा नियम. त्या नियमाने नावही मंजूर झालं.

आमचा कारखाना चाकणच्या बाजूचा, पुलांचे पोलादी गर्डर बनवणारा. मी डिस्पॅचला. माल वेळेवर गेला तर त्यात माझं कर्तृत्व काही नाही आणि उशिरा गेला तर चूक फक्त माझी, असं हे खातं. बाहेर ट्रेलर उभा असतो, ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने "क्या हुआ सेठ?" विचारत असतो, आणि शेडच्या पार टोकाकडून आवाज येत असतो. टण्ण. थोडी शांतता. टण्ण. थोडी शांतता. टण्ण. मग एक लांबलचक शांतता. ही लांब शांतता सगळ्यात वाईट. साहेबांना एखादा आवाज आवडलेला नाही, असा तिचा अर्थ.

हा आवाज स्टडचा. अशा पुलाचा गर्डर पोलादी असतो आणि वरचा रस्त्याचा स्लॅब काँक्रीटचा. गाडी वरून गेली की दोघेही वाकतात, पण आपापल्या तऱ्हेने, आणि वाकता वाकता एकमेकांवरून सरकायला बघतात. ते सरकू नयेत, दोघांनी मिळून भार उचलावा, म्हणून गर्डरच्या माथ्यावर ओळीने स्टड वेल्ड केलेले असतात. १९ किंवा २२ मिलिमीटर जाडीचे, डोक्यावर टोपी असलेले, पावसाळ्यात रानात उगवलेल्या अळंब्यांसारखे. १२ मीटरच्या एका तुकड्यावर ३ ओळी आणि २०० मिलिमीटरचं अंतर धरलं तर असे १८० होतात. साइटवर त्यांच्याभोवती काँक्रीट ओतलं जातं आणि मग ते कुणालाही, कधीही दिसत नाहीत.

वेल्डरच्या दृष्टीने एक स्टड म्हणजे जेमतेम सेकंदाचं काम. बंदुकीत स्टड बसवायचा, टोकाशी चिनी मातीची रिंग, म्हणजे फेरूल, लावायची, गर्डरवर टेकवायची आणि चाप ओढायचा. बंदूक स्टडला जरासा वर उचलते, मध्ये आर्क पेटतो, दीड-पावणेदोन हजार अँपियरचा करंट वाहतो, स्टडचं टोक आणि त्याखालचं पोलाद वितळतं, आणि बंदुकीतली स्प्रिंग स्टडला त्या वितळलेल्या पोलादात दाबून उभा करते. मग फेरूल फोडून टाकायची आणि पुढच्या खुणेवर सरकायचं. वेल्डर पुढे सरकतो. साहेब त्या एका सेकंदाचा पंचनामा पुढे दोन दिवस करत बसतात.

नवा ट्रेनी आला की साहेब त्याला पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियाला नेतात. तिथल्या मेअर आयलंडच्या नौदल गोदीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, टेड नेल्सन नावाचा माणूस काम करत होता. युद्धनौकेच्या पोलादी डेकवर लाकडी फळ्या बसवायच्या तर आधी डेकला भोकं पाडा, बोल्ट घाला, एक माणूस वर, एक माणूस खाली, आणि दोघांनी एकमेकांना ओरडून विचारायचं, "धरलास का?" नेल्सनने स्टडची बंदूक काढली. वरच्यावर स्टड उभा राहिला, खालचा माणूस मोकळा झाला आणि कामाचे ढीगभर तास वाचले. गोष्ट इथे संपली असं वाटून ट्रेनी वही मिटायला लागतो. तेवढ्यात साहेब म्हणतात, "पण खालचा माणूस काय करत होता? तो बोल्ट खालून बघत होता. तो गेला, आता सांधा आतून कसा बसलाय ते कुणालाच दिसत नाही." एवढं बोलून ते हातोडा उचलतात. "म्हणून मग मला यावं लागलं."

साहेबांचा दिवस इतरांच्या आधी सुरू होतो. गिऱ्हाइकाच्या कागदपत्रांत अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची डी १.१ ही संहिता असली, तर प्रत्येक शिफ्टला उत्पादन सुरू करण्यापूर्वी पहिले दोन स्टड वेल्ड करून ३० अंशांपर्यंत वाकवून बघावे लागतात. हे दोन टिकले तरच पुढची बंदूक चालते. एक जरी फुटला तर सेटिंग सुधारा, पुन्हा दोन लावा, पुन्हा वाकवा. सकाळच्या पहिल्या चहाआधी, अजून रेडिओसुद्धा लागलेला नसताना, आपण नुकतंच सुबक उभं केलेलं काम एक माणूस घणाने आडवं करतो आहे, हे बघणं वेल्डरला सोपं नसतं. नव्या वेल्डरचा चेहरा पडतो. आमचा जुना वेल्डर झारखंडचा. तो त्याला धीर देतो, "पहले दो तो भगवान के होते हैं."

मग नजरेची तपासणी. स्टडच्या बुडाशी वितळलेल्या धातूचं एक कडं तयार होतं. आमच्याकडे त्याला कॉलर म्हणतात. ती पुऱ्या ३६० अंशांत, सगळीकडून भरलेली हवी. पुढची बाजू कुणालाही दिसते. मागची बाजू बघायला साहेबांनी घरून एक लहानसा आरसा आणला आहे. तो वहिनींच्या पर्समधला. नवा हेल्पर साहेबांना गर्डरवर ओणवं होऊन आरशात बघताना पाहून म्हणाला होता, "साहेब, केस ठीक आहेत." साहेबांना केस फारसे नाहीत, त्यामुळे हे वाक्य कारखान्यात बरेच दिवस टिकलं.

त्या आरशात साहेबांना काय काय दिसतं! कॉलर एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला रिकामी असली, की ते न विचारता सांगतात, "अर्थिंगचा क्लँप एकाच टोकाला लावलाय. दोन लावा, दोन बाजूंना." क्लँप एकाच टोकाला असला की चुंबकी ओढीने आर्क कलतो, हे त्यांना इतकं ठाऊक की खाली जाऊन बघायची गरज नसते. तरीही ते खाली जाऊन बघतात. कॉलर अपुरी आणि मरगळलेली असेल तर करंट कमी पडला. भोवती शिंतोडे आणि खड्डा असेल तर जास्त झाला. मग उंची. १९ मिलिमीटरचा स्टड वेल्ड होताना साधारण ५ मिलिमीटरने आखूड व्हायला हवा, कारण तेवढं टोक वितळून जातं. पट्टी लावली आणि स्टड लांब भरला की साहेब उभे राहून कमरेला हात लावतात. "हा वितळलेलाच नाही. हा नुसता येऊन टेकलाय." असं ते ऑफिसातल्या काही लोकांबद्दलही म्हणतात.

कॉलरमध्ये थोडी उणीव असेल तर संहिता दोन वाटा देते. एकतर तेवढ्या जागी हाताने वेल्ड भरा, किंवा उणीव आहे तिच्या उलट दिशेला स्टड १५ अंश वाकवून तो टिकतो हे दाखवा. पहिली वाट सभ्य आहे. साहेब नेहमी दुसरी घेतात.

पण साहेबांची खरी कीर्ती कानाची. आपल्याकडे अशा पोलाद-काँक्रीटच्या पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची २२ क्रमांकाची संहिता आहे. तिच्यात म्हटलं आहे की वेल्ड झालेल्या स्टडच्या डोक्यावर बाजूने २ किलोच्या हातोड्याने ठोकून बघावं, अभियंत्याचं समाधान होईल अशा रीतीने. हातोडा किती किलोचा ते लिहिलं, समाधान किती किलोचं ते लिहिलं नाही. संहिता लिहिणाऱ्या विद्वानांच्या डोळ्यांसमोर चार-दोन टोल्यांत समाधानी होणारा कुणी सज्जन इंजिनिअर असणार. टणटणेसाहेब त्यांना भेटले नव्हते.

वेल्ड पूर्ण मुरलेला असेल तर स्टड खणखणीत वाजतो. मध्ये कुठे पोलाद एकजीव झालं नसेल तर आवाज बद्द येतो. इतकं साधं आहे. पण साहेबांच्या कानात खणखणीत आणि बद्द यांच्यामध्ये अनेक मजले आहेत. ‘बरा’, ‘बरा पण उशिरा’, ‘आत काहीतरी बोलतोय’, ‘आधी बरा होता’ आणि सगळ्यात धोक्याचा ‘फारच बरा’. फारच बरा वाजलेल्या स्टडजवळ साहेब सर्वांत जास्त वेळ थांबतात. दोष नसलेली वस्तू त्यांना अपुरी तपासलेली वाटते.

असा कान कारखान्याच्या गेटवर जमा करून घरी जाता येत नाही. भाच्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला साहेब गेले. भटजी मंत्र म्हणत होते, पाहुणे पेढे खात होते, आणि साहेब हॉलच्या कोपऱ्यापासून बोटाच्या पेराने एकेक फरशी ठोकत निघाले. बेडरूमपर्यंत पोचेस्तोवर त्यांनी खडूने बऱ्याच फुल्या मारून ठेवल्या होत्या. भाचा कौतुकाने विचारायला आला, "मामा, वास्तुपुरुषाचं काही आहे का?" मामा म्हणाले, "खाली मसाला पोचलेला नाही. पोकळ आहे." त्यानंतर कुणी कुणाला आग्रह करून बसवलं नाही. जो तो फुली नसलेली फरशी शोधून बसत होता.

तुळशीबागेत वहिनींबरोबर तवा घ्यायला गेले तर तिथेही तेच. नॉनस्टिक तव्याच्या दांडीसाठी बुडाशी बऱ्याचदा एक बारका स्टड वेल्ड केलेला असतो. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात सोडून, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे साहेबांना माहीत आहे, हाच दुकानदाराचा दुर्दैवयोग. साहेबांनी दांडी धरली आणि हळूहळू पिळायला लागले. दुकानदार म्हणाला, "अहो साहेब, घरी नेऊन भाजी करायची आहे ना?" साहेब म्हणाले, "भाजीचं नंतर. आधी टॉर्क बघतो." तवा टिकला. तो त्यांनी घेतला नाही. ज्याची परीक्षा झाली तो नमुना, विक्रीचा माल वेगळा, या तत्त्वाने त्यांनी शेजारचा मागितला. दुकानदाराने दोन्ही आत ठेवले.

दोन किलोच्या हातोड्याने मन भरलं नाही की ६ किलोचा घण निघतो. निवडक स्टडच्या डोक्यावर घण घालून, डोकं त्याच्या उंचीच्या पाव हिश्श्याएवढं बाजूला जाईपर्यंत तो वाकवायचा. स्टड १०० मिलिमीटरचा असेल तर डोकं २५ मिलिमीटर सरकलं पाहिजे, आणि बुडाशी केसाएवढी चीरही दिसता कामा नये. ब्रिटिशांच्या जुन्या पूल-संहितेचा रिवाज ५० मागे एक असा. त्या हिशोबाने आमच्या १२ मीटरच्या तुकड्यावर चौघांची पाळी येते. कोणत्या चौघांची, हे साहेब आधी सांगत नाहीत. वेल्डर मंडळी त्यावर गुपचूप पैजा लावतात. साहेब ज्याच्याकडे वाकून कौतुकाने बघतात, डोक्यावरून हात फिरवतात, तो गेला, हा आमच्या जुन्या वेल्डरचा आडाखा, आणि तो सहसा चुकत नाही.

वाकवून न फुटलेला स्टड तसाच वाकडा ठेवायचा असतो. त्याला परत सरळ करायला गेलं तर वेल्डला इजा होते, आणि काँक्रीटच्या आत तो वाकडा असूनही आपलं काम चोख करतो. हे नवख्या माणसाला पटत नाही. एकदा गिऱ्हाइकाकडचे एक तरुण अधिकारी आले. पांढरे बूट, नवं हेल्मेट. गर्डरवरून चालता चालता थांबले आणि म्हणाले, "हे चार वाकडे झालेत. पाठवण्याआधी सरळ करून घ्या."

शेडमधले ग्राइंडर आपोआप थांबले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सर," साहेब म्हणाले, "ह्या अख्ख्या गर्डरवर खात्रीचे म्हणाल तर हे चारच आहेत. बाकीचे १७६ सरळ उभे आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे, पण ते मतच."

अधिकारी काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्या चौघांना वळसा घालून गेले.

हेच साहेबांचं माणसांबद्दलचं शास्त्र आहे. ऑफिसात कुणाच्या सरळपणाची तारीफ झाली की ते म्हणतात, "अजून कुणी घण घातला नसेल." कुणी कर्जात, आजारपणात, भाऊबंदकीच्या कोर्टकचेऱ्यांत वाकलेला माणूस दिसला की त्याच्या बुडाशी चीर आहे का ते बघतात, आणि नसेल तर त्याला स्वतःहून चहा पाजतात. आमच्या स्टोअरकीपरला त्यांनी असा कितीदा तरी चहा पाजलेला आहे. स्टोअरकीपरला वाटतं, साहेबांना स्टोअरमधून जादा हातमोजे हवे असतात.

साहेबांच्या वाटेत पावसाळा हा मोठा वैरी. मावळातून ढग निघाले की चाकणपर्यंत सगळं ओलं. गर्डर ओला असताना स्टड लावायचा नाही. फेरूलला दव किंवा पाणी लागलं तर ती १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवल्याशिवाय वापरायची नाही. आणि कारखान्यातला एकमेव गरम, कोरडा, दार लागणारा कप्पा म्हणजे हा ओव्हन. जुलै महिन्यात, डब्यातली भाकरी गार झालेली असताना, हेल्पर लोकांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघावं हे सांगायला नको. एक दिवस साहेबांनी दार उघडलं तर फेरूलच्या ट्रेवर पितळी डबा.

ते रागावले नाहीत. रागावणं हे तपासणीनंतरचं काम. त्यांनी आधी वाफेचा प्रवास समजावून सांगितला. डब्यातली वाफ फेरूलमध्ये, फेरूलमधली आर्कमध्ये, आर्कमधली वेल्डमध्ये, आणि मग तिथे आतून जाळी पडलेला सांधा. त्यावर स्लॅब, स्लॅबवर उसाची ट्रॉली. हेल्परच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ट्रॉलीसाठी की भाकरीसाठी, ते कळलं नाही. मग साहेबांनी रीतसर नॉन-कन्फॉर्मन्सचा फॉर्म भरला. ‘ओव्हनमध्ये अनधिकृत वस्तू. भाकरी, नग ३. दृश्य तपासणी: एक कडेला करपलेली.’ फॉर्मच्या शेवटी, सदोष मालाचं पुढे काय करायचं असा एक रकाना असतो. त्यात दुरुस्ती, भंगार आणि आहे त्या स्थितीत वापर, असे तीन पर्याय. साहेबांनी तिसऱ्यावर खूण केली, घड्याळ बघितलं आणि हेल्परला म्हणाले, "बस, जेवून घे."

साहेबांच्या निष्ठेची खरी कसोटी गेल्या वर्षी लागली. गिऱ्हाइकाने बाहेरच्या तपासणी संस्थेचा एक इन्स्पेक्टर पाठवला. वय तिशीच्या आत, हातात टॅब्लेट, खिशात स्वतःचा आरसा. आरसा बघून साहेबांना भरून आलं. दोघं गर्डरच्या दोन टोकांनी निघाले आणि मधोमध एका स्टडवर येऊन अडले. पाहुण्याने ठोकलं. "बद्द आहे," तो म्हणाला. साहेबांनी ठोकलं. आवाज चांगला होता. आम्हीसुद्धा ऐकला. कंपनीच्या बाजूने बोलायची, चांगल्याला चांगलं म्हणायची, आयुष्यातली पहिली संधी साहेबांसमोर उभी होती. मॅनेजर डोळ्यांनी विनवत होते. मी हातातल्या गेटपासने विनवत होतो.

साहेबांनी ग्राइंडर बंद करायला लावले. कॉम्प्रेसर बंद करायला लावला. पंखेसुद्धा. पुन्हा ठोकलं. कान जवळ नेला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग ते पाहुण्याकडे वळून हळूच म्हणाले, "मलाही शंका आहे."

मॅनेजर तिथून निघून गेले. घण आला. दोघांनी पाळीपाळीने घातला. स्टड वाकला, पण बुडाशी रेघही उमटली नाही. एवढा निरोगी स्टड मी बघितलेला नाही. दोघं तपासनीस एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि दोघांच्याही तोंडावर निराशा अगदी सारखी होती. त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमली. दिवाळीत साहेबांनी त्याला एक वेल्ड उभा कापून, पॉलिश करून, नायटल नावाचं आम्ल लावून पाठवला. त्यात स्टड आणि प्लेट कुठपर्यंत एकजीव झालेत ते साफ दिसतं. असे पाच-सहा तुकडे साहेबांच्या घरी शोकेसमध्ये, गणपती आणि मुलीच्या वक्तृत्वाच्या ढालीच्या मधोमध मांडलेले आहेत. वहिनी त्यांच्यावरची धूळ पुसतात, पण पाहुण्यांना काही सांगत नाहीत.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा साहेबांना काळजी घेणं भाग होतं. मुलगा तिनेच निवडला होता, तो घरी भेटायला आला. साहेबांनी त्याला दारातच उभा ठेवून, घर दाखवण्याच्या निमित्ताने, त्याच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. नजरेची तपासणी उत्तीर्ण. चहा झाल्यावर म्हणाले, "जावई... म्हणजे अजून नाही, पण एक कपाट खाली न्यायचंय. धराल का?" कपाट लोखंडी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मुलाने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. दोघांनी ते धापा टाकत पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आणलं. तिथे साहेबांनी कपाट टेकवलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "वरच बरं होतं. परत नेऊ."

मुलगा काही बोलला नाही. त्याने एकदा वर बघितलं, एकदा कपाटाकडे बघितलं आणि खालची बाजू उचलली.

वर आल्यावर साहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन निकाल सांगितला, "वाकला. पण मुळापासून हलला नाही."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "आता तेवढं त्याला सरळ करायला जाऊ नका. आपणच म्हणता ना, त्यानेच मोडतात म्हणून."

साहेबांना उत्तर सुचलं नाही. वहिनींनी घरात अशा अनेक संहिता पाठ करून ठेवलेल्या आहेत आणि त्या नेमक्या वेळी काढतात.

या सगळ्यात साहेबांना मनापासून छळणारी गोष्ट एकच, आणि ती घणाने वाकत नाही. प्रत्येक गर्डरच्या तपासणी अहवालाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो आणि त्यात एकच शब्द अपेक्षित असतो, ‘समाधानकारक’. आकडे साहेब भराभर भरतात. करंट, वेळ, उंची, वाकवलेल्यांची संख्या, कोन. शेऱ्यापाशी पेन थांबतं. परवाही थांबलं. साइटवर काँक्रीटची तारीख ठरली होती, फोनवर फोन येत होते, आणि मी टेबलापाशी उभा होतो.

"साहेब, सगळे वाजले. चार वाकवले, चारही टिकले. आता काय राहिलं?"

"तारीख बघ," साहेब म्हणाले. "चार दिवसांनी काँक्रीट. एकदा ते पडलं की मला परत बघता यायचं नाही. पुलाचं आयुष्य शंभर वर्षं धरतात. म्हणजे शंभर वर्षांचं समाधान मी आज एका सहीत द्यायचं."

"पण काम चांगलं आहे ना?"

"चांगलंच आहे." हे शब्द त्यांच्या तोंडून निसटले. त्यांनी ताबडतोब आजूबाजूला बघितलं. मग झटकन लिहिलं, ‘तूर्तास समाधानकारक’, आणि सही केली.

‘तूर्तास’ हा शब्द फॉर्मच्या नमुन्यात नाही, असं हेड ऑफिसचं पत्र पूर्वीच येऊन गेलेलं आहे. तो शब्द काढून टाकायचा असल्यास कोणत्या तारखेपासून काढावा, अशी साहेबांनी उलट विचारणा केली होती. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर आमचे सगळे गर्डर देशभर तूर्तास उभे आहेत, आणि मी ऐकतो त्यावरून ठणठणीत उभे आहेत.

कागद हातात पडल्यावर मी धावत गेटवर गेलो. गर्डर चढला, साखळ्या आवळल्या. साहेब कौतुकाने निरोप द्यायला आले होते. ट्रेलरच्या ड्रायव्हरने, निघण्यापूर्वी सगळेच ड्रायव्हर करतात तसं, लोखंडी दांडा काढला आणि हवा बघायला एकेका टायरवर मारत मागे जायला लागला. धप्प. धप्प. धप्प. तो आपल्याच नादात होता. पण मी साहेबांकडे बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. साहेबांनी मान किंचित तिरकी केली होती आणि डोळे मिटले होते.

"थांब," त्यांनी हात वर केला. "तो मागचा, आतला. परत वाजव बरं."

त्या टायरमध्ये खरोखरच हवा कमी होती, हे लिहिताना मला काही आनंद होत नाही. ट्रेलर दुसऱ्या दिवशी गेला.